विंडोज टाकताना कीबोर्ड बंद पडतो तेव्हा

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, कीबोर्ड व्यवस्थित चालतो. डिलीट दाबून आत जाता येतं, बाण खालीवर होतात, पेनड्राइव्ह निवडून एंटर मारता येतो. मग भाषा निवडायची चौकट येते आणि तिथे काहीही दाबलं तरी पडदा ढिम्म हलत नाही. अशा वेळी बरेच जण उठून नवा कीबोर्ड विकत आणतात. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण दोन मिनिटांपूर्वी बायोसमध्ये चाललेला कीबोर्ड तेवढ्यात बिघडत नाही. त्याचं ऐकणारं सॉफ्टवेअर मात्र तेवढ्या वेळात बदललेलं असतं.

संगणक सुरू झाल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कीबोर्ड तीन वेगवेगळ्या हातांत जातो. बायोस आणि बूट मेनूपर्यंत मदरबोर्डमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरने (उपकरणाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) कळा वाचतं. सेटअपचा पडदा आला की ताबा सेटअपच्या कर्नलकडे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडे, जातो आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. पहिल्या रीस्टार्टनंतर डिस्कवर उतरलेली नवी सिस्टीम चालू होते. तिचे ड्रायव्हर पुन्हा वेगळे असतात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच गोष्ट नक्की करा: कीबोर्ड नेमका कोणत्या पडद्यावर गप्प झाला?

आधी दिवे बघा

कीबोर्ड बंद पडलेल्या पडद्यावर नम लॉक किंवा कॅप्स लॉक तीन-चार वेळा दाबा. या कळेचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कळ दाबल्याचा निरोप संगणकाकडे जातो आणि संगणक उलट आज्ञा पाठवतो, तेव्हाच दिवा लागतो किंवा विझतो.

दिवा बदलतोय, पण पडद्यावर काही होत नाही, याचा अर्थ सिस्टीमला कीबोर्ड ऐकू येतोय. मग टॅब दाबून निवड पुढे सरकते का ते बघा. सेटअप अडकला असण्याचीही शक्यता आहे. दिवा मुळीच बदलत नसेल तर निरोप पोचत नाही किंवा सेटअप पूर्ण गोठलाय, म्हणून पाच मिनिटं थांबून पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय का बघा. सेटअपचा पडदा येताक्षणी कीबोर्डचे दिवे आणि ऑप्टिकल माउसखालचा लाल दिवा दोन्ही विझले, तर दोष यूएसबी कंट्रोलरच्या (यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हरचा आहे असं जवळपास धरून चालावं. माउस चालतोय आणि फक्त कीबोर्ड बंद आहे, तर कंट्रोलर ठीक आहे. मग कीबोर्ड, त्याचा मोड किंवा त्याचा पोर्ट तपासायचा.

विंडोजच्या सेटअपमध्ये आणखी एक खात्रीची चाचणी आहे: शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी कमांडची खिडकी उघडली तर कीबोर्ड जिवंत आहे. काही लॅपटॉपवर एफएन कळही सोबत धरावी लागते.

बायोसमध्येच जाता येत नसेल तर

इथे सर्वांत मोठा संशयित म्हणजे फास्ट बूट. वेळ वाचवण्यासाठी फर्मवेअर यूएसबीची तयारीच टाळतं, त्यामुळे डिलीट किंवा एफ२ ऐकायला कुणी नसतं. जुनं विंडोज अजून सुरू होत असेल तर तिथे शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या वाटेने थेट बायोसमध्ये जाता येतं. तिथे फास्ट बूट बंद करा आणि लेगसी यूएसबी सपोर्ट चालू आहे ना ते पाहा. हा दुसरा पर्याय बंद असला की जुन्या पद्धतीच्या बूटमध्ये ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू किंवा ‘प्रेस एनी की’ ही ओळ यूएसबी कीबोर्डला दाद देत नाही.

विंडोजही सुरू होत नसेल तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज जपणारी मेमरी, पुसावा लागतो. डेस्कटॉप बंद करून पॉवरची केबल काढा, सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी पाच ते दहा मिनिटं बाहेर ठेवा. नाहीतर क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडून धरा. पण यात दोन धोके आहेत. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी हाताशी ठेवा. आणि डिस्कचा मोड आधी रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) किंवा इतर काही ठेवलेला असेल तर तो मूळ स्थितीत जातो आणि जुनं विंडोज निळा पडदा दाखवतं. बायोसमध्ये जाता येतं तेव्हाच प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असला की इथे फार उपयोगी पडतो.

पोर्टही बदलून बघा. कीबोर्ड मॉनिटरच्या हबमध्ये, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला किंवा डॉकमध्ये असेल तर तिथून काढून मदरबोर्डच्या मागच्या काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो आणि साध्या कीबोर्डला ते भरपूर होतात. दिव्यांचा झगमगाट असलेल्या काही गेमिंग कीबोर्डांना दोन प्लग असतात, त्यातला कीबोर्डचं चिन्ह असलेला प्लग लागलाच पाहिजे. अशा कीबोर्डांची आणखी एक अडचण असते. फर्मवेअरला यूएसबीचा साधा बूट प्रोटोकॉल समजतो, ज्यात एका वेळी सहा कळांची माहिती जाते. हव्या तितक्या कळा एकत्र पाठवण्याचा मोड चालू असेल तर काही बायोस गोंधळतात. कोर्सेअरच्या काही कीबोर्डांवर यासाठी बायोस लिहिलेली बारीक कळच दिलेली असते.

ब्लूटूथ कीबोर्डवर मात्र विसंबू नका. त्याची जोडणी सिस्टीममध्ये साठवलेली असते आणि सेटअपला ती माहीत नसते. छोट्या डोंगलवर चालणारा वायरलेस कीबोर्ड वेगळा, तो संगणकाला यूएसबी कीबोर्डच भासतो आणि सहसा चालतो.

विंडोज ७ आणि २०१५ नंतरचे बोर्ड

जुन्या सीएनसी यंत्राचं किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं म्हणून ते अजूनही टाकावं लागतं. त्याचा सुरक्षा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणून असा संगणक इंटरनेटपासून दूरच ठेवावा. पण तो टाकताना कीबोर्ड मरण्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

विंडोज ७ मध्ये यूएसबी १ आणि २ च्या कंट्रोलरचे ड्रायव्हर आहेत. यूएसबी ३ चा, म्हणजे एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. तो विंडोज ८ पासून सोबत येऊ लागला. इंटेलच्या २०१४ पर्यंतच्या चिपसेटमध्ये जुना ईएचसीआय कंट्रोलरही असायचा, त्यामुळे काळ्या पोर्टात कीबोर्ड लावला की काम भागायचं. २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर १०० मालिकेचे चिपसेट आले (एच११०, बी१५०, झेड१७०) आणि त्यातून ईएचसीआय काढून टाकला. आता काळा पोर्टसुद्धा एक्सएचसीआयच्याच हाती असतो. २०१७ नंतरच्या रायझन बोर्डांवरही हीच अडचण येते.

मग सेटअपचा पडदा तरी कसा येतो, असा प्रश्न पडतो. बूट डॉट विम ही फाइल फर्मवेअर स्वतःच्या ड्रायव्हरने पेनड्राइव्हवरून वाचून रॅममध्ये टाकतं, म्हणून पडदा दिसतो. त्यानंतर विंडोजला कीबोर्डही दिसत नाही आणि ज्या पेनड्राइव्हवरून ते आलं तो पेनड्राइव्हही दिसत नाही. पीएस/२ (जुन्या गोल प्लगचा) कीबोर्ड लावून पुढे गेलं की ‘सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही’ असा निरोप येतो तो याचमुळे. हा निरोप पाहून आयएसओ (विंडोजची डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल) खराब आहे असं समजून लोक ती पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात. आयएसओ चांगलीच असते.

बोर्ड २०१२ ते २०१४ मधला असेल तर बायोसमध्ये एक्सएचसीआय मोड ऑटो किंवा डिसेबल्ड करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नव्या बोर्डांवर ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चालू ठेवायला हरकत नाही, पण त्याने विंडोजला ड्रायव्हर मिळत नाही, त्यामुळे १०० मालिकेच्या बोर्डावर त्याच्या भरवशावर वेळ घालवू नका. त्याऐवजी बायोसमध्ये याच कामासाठी दिलेला पर्याय शोधा. एएसरॉकच्या काही बोर्डांवर तो पीएस/२ सिम्युलेटर या नावाने असतो, एमएसआयवर विंडोज ७ इन्स्टॉलेशन, गिगाबाइटवर पोर्ट ६०/६४ इम्युलेशन. यात फर्मवेअर यूएसबी कीबोर्डला जुन्या पीएस/२ कीबोर्डचं सोंग देतं आणि विंडोजला ती भाषा येते. विंडोज ७ साठी सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट चालवणारा पर्याय) चालू आणि सिक्युअर बूट बंद असावं लागतं, हेही त्याच फेरीत उरका.

मागच्या बाजूला जांभळा किंवा अर्धा जांभळा अर्धा हिरवा गोल पोर्ट असेल तर खरा पीएस/२ कीबोर्ड हा सर्वांत सरळ उपाय आहे. तो संगणक बंद असतानाच लावायचा. चालू संगणकात लावला तर ओळखला जात नाही आणि पोर्टला इजा होऊ शकते. यूएसबीचा पीएस/२ करणारी स्वस्त बोंडी फक्त दोन्ही प्रोटोकॉल जाणणाऱ्या कीबोर्डांवर चालते. आजकालच्या अनेक कीबोर्डांना तो जुना प्रोटोकॉल येत नाही आणि दोष बोंडीला दिला जातो.

ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये घालणं

कायमचा उपाय हाच. एसूसचं ईझी इन्स्टॉलर, गिगाबाइटचं विंडोज यूएसबी इन्स्टॉलेशन टूल, एमएसआयचं स्मार्ट टूल, एएसरॉकचं विन ७ यूएसबी पॅचर ही साधनं नेमकं हेच काम करतात. आपल्या बोर्डाचं साधन मिळालं तर तेच वापरा. नाही मिळालं तर विंडोज १० किंवा ११ असलेल्या दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या डिझम या साधनाने हातानेही करता येतं.

१. रुफस या बूट पेनड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने विंडोज ७ चा पेनड्राइव्ह तयार करा. त्याच्या सोर्सेस फोल्डरातल्या बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम या दोन फाइली हार्ड डिस्कवर कॉपी करा. दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्लीची खूण काढा. ती राहिली तर पुढे ‘परवानगी नाही’ म्हणून माउंट अडतो.

२. आपल्या चिपसेटचा विंडोज ७ साठीचा यूएसबी ३ ड्रायव्हर उतरवून उलगडा. आयएनएफ फाइली दिसल्या पाहिजेत, एक्झी फाइल चालत नाही. ६४ बिट विंडोजला एक्स६४ फोल्डर लागतो. होस्ट कंट्रोलर आणि हब या दोन्हींचे ड्रायव्हर हवेत. नुसता कंट्रोलरचा घातला तर कंट्रोलर ओळखला जातो, पण त्यावर लावलेला कीबोर्ड दिसत नाही.

३. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. डिझमच्या गेट-विमइन्फोने आधी प्रत्येक फाइलमध्ये किती इंडेक्स (क्रमांक दिलेले स्वतंत्र भाग) आहेत ते बघा. बूट डॉट विममध्ये दोन असतात, त्यातला दुसरा म्हणजे प्रत्यक्ष सेटअप. इन्स्टॉल डॉट विममध्ये होम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशा प्रत्येक आवृत्तीचा वेगळा इंडेक्स असतो.

४. प्रत्येक इंडेक्ससाठी तीन आज्ञा याच क्रमाने द्यायच्या: माउंट-विमने रिकाम्या फोल्डरात उघडा, अ‍ॅड-ड्रायव्हर आणि रिकर्स वापरून ड्रायव्हर घाला, अनमाउंट-विम आणि कमिट देऊन बंद करा. कमिटच्या जागी डिस्कार्ड दिलंत तर सगळं काम पुसलं जातं. अनमाउंट करण्याआधी तो फोल्डर उघडा असलेल्या सगळ्या खिडक्या बंद करा, नाहीतर काम अर्धवट लटकतं. तसं झालंच तर क्लीनअप-विमने साफ करून पुन्हा सुरुवात करावी लागते.

५. बूट डॉट विमचे दोन्ही इंडेक्स आणि इन्स्टॉल डॉट विममधली तुम्हाला हवी ती आवृत्ती, एवढं झालं की फाइली पेनड्राइव्हवर परत टाका.

सर्वांत जास्त फसगत होते ती पाचव्या पायरीवर. फक्त बूट डॉट विममध्ये ड्रायव्हर घातला तर सेटअप छान चालतो, फाइली उतरतात, संगणक रीस्टार्ट होतो आणि वापरकर्त्याचं नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड पुन्हा गप्प होतो. कारण आता डिस्कवरची सिस्टीम चालतेय आणि ती इन्स्टॉल डॉट विममधून आलीय. हात घातलाच आहे तर एनव्हीएमई एसएसडीसाठीचे केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे दोन अपडेटही डिझमच्याच अ‍ॅड-पॅकेजने दोन्ही फाइलींत घाला, कारण विंडोज ७ ला तशी डिस्कही मुळात दिसत नाही.

विंडोज १० आणि ११

इथे यूएसबी कीबोर्ड सहसा दगा देत नाही. लॅपटॉपचा टचपॅड मात्र बऱ्याचदा सेटअपमध्ये मरतो, कारण त्याला इंटेलचा सीरियल आयओ ड्रायव्हर लागतो. साधा यूएसबी माउस लावून पुढे जा, ड्रायव्हर नंतर घालता येतो. माउसही नसेल तर टॅब, बाण, स्पेस आणि ऑल्ट-एन यांवर अख्खा सेटअप पार पडतो. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉपचा कीबोर्ड साध्या जोडणीवर नसतो, त्याचे ड्रायव्हर बूट डॉट विममध्ये घालावे लागतात. एखाद्या घरगुती वापरकर्त्याला हे करण्यापेक्षा बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावणं फार सोपं.

‘रीसेट धिस पीसी’ने किंवा रिकव्हरीतून विंडोज टाकणाऱ्यांनी एक घटना लक्षात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ च्या केबी ५०६६८३५ या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. विंडोज सुरू असताना तेच कीबोर्ड उत्तम चालत होते, कारण रिकव्हरी ही डिस्कवरची स्वतंत्र छोटी सिस्टीम आहे आणि तिचे ड्रायव्हर वेगळे असतात. २० ऑक्टोबरला केबी ५०७०७७३ ने ते सुधारलं. विंडोज चालू होत असेल तर आधी सगळे अपडेट करून घ्या. होत नसेल तर रिकव्हरीच्या नादी न लागता दुसऱ्या संगणकावर बनवलेल्या ताज्या पेनड्राइव्हवरून बूट करा.

लिनक्स

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये उलट चित्र दिसतं. यूएसबी कीबोर्ड चालतो आणि लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बंद पडतो. २०२२ च्या सुमाराच्या अनेक लॅपटॉपांवर, विशेषतः रायझन ६००० चे आणि एसूसचे काही व्हिवोबुक, फर्मवेअरने दिलेली कीबोर्डच्या इंटरप्टची (कळ दाबल्याचं प्रोसेसरला कळवणाऱ्या इशाऱ्याची) माहिती आणि कर्नलचा अंदाज जुळत नव्हता. पुढच्या कर्नलांमध्ये एकेक मॉडेल यादीत घालून ते दुरुस्त होत गेलं. म्हणून पहिला उपाय म्हणजे त्याच डिस्ट्रोची (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराची) नवी आयएसओ.

नव्या आयएसओनेही जमलं नाही तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा. तिथे लॅपटॉपचा कीबोर्ड चालतोच, कारण तोवर ताबा फर्मवेअरकडे असतो. लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इंग्रजी लहान अक्षरांत आय८०४२ डॉट रीसेट (i8042.reset) लिहा, मधे जागा सोडू नका, आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. उपयोग नाही झाला तर रीसेटच्या जागी नोपीएनपी (nopnp), मग नोमक्स (nomux). नोपीएनपीने कर्नल फर्मवेअरच्या यादीवर न विसंबता कीबोर्डचा कंट्रोलर स्वतः शोधतो. जे चाललं ते इन्स्टॉलनंतर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत कायमचं लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा तीच गत.

२०१६ नंतरच्या मॅकबुकवर घरचा कीबोर्ड न चालणं अपेक्षितच धरा. तिथे इन्स्टॉल संपेपर्यंत यूएसबी कीबोर्ड लागतोच.

कळ चालते, पण अक्षर भलतंच येतं

हा बिघाड कीबोर्डचा नसून लेआउटचा असतो, आणि तो पासवर्ड घालताना कळतो. तिथे नुसते ठिपके दिसतात. भारतात मिळणारे जवळजवळ सगळे कीबोर्ड यूएस मांडणीचे असतात. चुकून यूके निवडलं तर पासवर्डमधलं अ‍ॅट चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह एकमेकांच्या जागी जातात. नाव लिहायच्या मोकळ्या चौकटीत आधी पासवर्डची सगळी चिन्हं टाइप करून बघा, नंतर पुसून टाका. सेटअपमध्ये पहिला लेआउट इंग्रजीच ठेवा. मराठी इनस्क्रिप्ट नंतर जोडायला एक मिनिट लागतं, पण लॉगिनच्या पडद्यावर देवनागरीत अडकलेला पासवर्ड सोडवायला संध्याकाळ जाते. छोट्या लॅपटॉपवर यू दाबल्यावर ४ आणि जे दाबल्यावर १ उमटत असेल तर नम लॉक चालू आहे.

आणि सेटअप स्वतःच पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर एखादी कळ दबून अडकलीय का तेही बघा. ‘प्रेस एनी की’ या ओळीला तीच कळ दर वेळी होकार देते. पावसाळ्यात ओल धरलेल्या किंवा चहा सांडलेल्या कीबोर्डांवर हे होतं. पहिल्या रीस्टार्टला कीबोर्ड काढून ठेवला की खरं-खोटं लगेच कळतं.

माउस चालतोय पण कीबोर्ड कशालाच बधत नसेल तर पडद्यावरचा कीबोर्ड वापरा. विंडोज ११ च्या सुरुवातीच्या मांडणीत तो खालच्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हात असतो, उबुंटूच्या लाइव्ह पडद्यावर वरच्या पट्टीत.

सिस्टीम उभी राहिली की चिपसेट आणि यूएसबीचे ड्रायव्हर घाला आणि यूएसबी कीबोर्ड चालतोय याची खात्री करा. मग बायोसमध्ये जाऊन पीएस/२ सिम्युलेटर किंवा पोर्ट ६०/६४ इम्युलेशन बंद करा. लेगसी यूएसबी सपोर्ट मात्र चालूच राहू द्या. डिस्क कूटबद्ध केली असेल तर फास्ट बूट परत चालू करण्याआधी एकदा पूर्ण बंद करून पासवर्डच्या पडद्यावर कीबोर्ड चालतोय ना ते बघा. लिनक्समध्ये हा पडदा इनिटरॅमएफएस या छोट्या सिस्टीमचा असतो. इन्स्टॉल बाहेरच्या कीबोर्डवर केलं असेल तर लॅपटॉपच्या कीबोर्डचा ड्रायव्हर त्यात नसण्याची शक्यता असते. म्हणून ती चाचणी होईपर्यंत बाहेरचा कीबोर्ड परत देऊ नका.